एका फांदीचा संसार

उंदरांनी लंगोटी कुरतडली म्हणून मांजर पाळणारा, मांजराला दूध हवे म्हणून गाय घेणारा आणि गाईची उस्तवार करायला माणूस हवे म्हणून शेवटी लग्न करून बसणारा गोसावी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मी त्याची गोष्ट दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुलांबरोबर पोटभर हसतो. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र ती सांगताना माझा आवाज थोडा खाली येतो. कारण, वाचकहो, तो गोसावी मीच आहे. माझी लंगोटी म्हणजे चिंचेची एक फांदी!

ही चिंच हट्ट्याला, आमच्या वडिलार्जित घराच्या परसात आहे. परभणीहून वसमतकडे निघाले की वाटेत हट्टा लागते. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तालुक्याबरोबर आमचे गावही तिकडे गेले. भोवताली हळदीची शेते, मध्ये आमचे जुने माळवदाचे घर आणि त्या घरात एकट्या राहणाऱ्या आमच्या काकू. चैत्रात त्यांचा फोन आला.

“अरे, ती चिंचेची फांदी माळवदावर आली बघ. वारं सुटलं की रात्री डोळा लागत नाही. पावसाच्या आधी तेवढी काढून घे. मामांना सांगितलंय. तू फक्त हजर राहा.”

मामा म्हणजे साऱ्या गावाचे मामा. चिंचांच्या झाडांचे सौदे करायचे आणि चिंचा उतरवून घ्यायच्या, यात त्यांचा जन्म गेला. दोन माणसांसह सगळ्या कामाचे ते पंधराशे रुपये घेणार होते. काकूंच्या बोलण्यातले ‘फक्त हजर राहा’ हे शब्द मी नीट ऐकले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण मला वाटले, चिंच आपली, फांदी आपली, मग कापणारा बाहेरचा कशाला? पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि आयुष्यभर खडूपेक्षा जड काही न उचललेल्या माणसाला असे वाटू लागले की त्याच्या घरच्यांनी सावध व्हावे.

मी बाजारात गेलो आणि पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत पाहून आलो. आमच्याकडे तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. मोहाची एक गंमत आहे. शिकलेल्या माणसाकडे तो कधी उघड्या अंगाने येत नाही, ज्ञानाची शाल पांघरून येतो. मी करवतीबद्दल वाचू लागलो. जर्मनीत स्टुटगार्टला आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली, ती दोघांनी मिळून धरावी लागे. पुढे १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यापाशी थबकला. लाकूड पोखरणारी एक अळी डावीउजवीकडे आळीपाळीने दात चालवीत सहज पुढे सरकत होती. त्याने तिच्या जबड्याची नक्कल साखळीच्या दात्यांत उतरवली. आजच्या साखळ्या त्याच धाटणीच्या आहेत. एका अळीपासून एवढे मोठे यंत्र सुधारले, हे वाचून मी इतका भारावलो की दुसऱ्या दिवशी ९,२०० रुपये मोजून करवत घरी घेऊन आलो. अळीचे चरित्र फुकट वाचता आले असते, हे तेव्हा सुचले नाही.

करवत आली आणि गोसाव्याचे मांजर घरात शिरले. दुकानदार म्हणाला, “सर, एकच साखळी? मध्येच बोथट झाली तर?” तीन जादा साखळ्या घेतल्या, २,४०० रुपये. “आज फांदी आहे, उद्या खोड निघालं तर?” म्हणून लांब पात्याची एक पट्टी, १,४०० रुपये. मग लक्षात आले की फांदी वीस फूट उंचावर आहे आणि शिडीवर उभे राहून ही करवत चालवू नये, असे तिच्याच पुस्तिकेत छापले आहे. म्हणजे झाडावर चढणे आले. चढायचे तर दोर, साठ मीटर, ६,००० रुपये. दोराला कड्या हव्यात. गिर्यारोहक वापरतात तसल्या, आपोआप मिटणाऱ्या आणि चकचकीत. एकेक कडी बावीसशे किलो वजन पेलते असे कळले. माझे वजन अडुसष्ट किलो. मी बारा कड्या घेतल्या, ८,४०० रुपये. कड्या अडकवायला काहीतरी हवे म्हणून कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, ५,००० रुपये. त्याशिवाय दोन कप्प्या, २,६०० रुपये. आणि बुटाला बांधायचे लोखंडी काटे, ४,५०० रुपये. हे काटे सालीत रुततात आणि झाडाला जखमा करतात, म्हणून जगवायच्या झाडावर ते मुळीच वापरू नयेत, हे ज्ञान पैसे दिल्यानंतर झाले.

एकूण ३९,५०० रुपये. यादीत खाली आणखी दोन वस्तू होत्या. एक, डोक्यावरची टोपी, पुढे जाळी असलेली. दुसरी, पायांवरचे जाड संरक्षक कापड. करवतीची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. ती या कापडाला लागली तर आतले लांब धागे ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि साखळी जागीच अडते. दोन्ही वस्तूंपुढे मी लिहिले, ‘पुढच्या महिन्यात’.

सगळा पसारा बैठकीत मांडल्यावर सौ.ने विचारले, “आणि फांदी केवढी आहे?”

“मांडीएवढी असेल.”

“कुणाच्या?” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

चिंच तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने जी झाडे राखली आहेत, त्यांत आंबा, जांभूळ, मोह यांच्याबरोबर चिंचही आहे. फांदीच काढायची असली तरी आधी विचारावे, म्हणून अर्ज केला, कागद हाती घेतला आणि वैशाखातल्या एका सकाळी दोन पोती अवजारांसह हट्ट्याला उतरलो.

मामा आधीच आले होते. सोबत त्यांचा नातू, विशीचा, सडपातळ पोरगा. मामा डाव्या पायाने लंगडतात. हे मी लहानपणापासून पाहत होतो, पण का, ते कधी विचारले नव्हते. मी ओसरीवर एकेक वस्तू मांडली. लोक जमले. दोन्ही पट्ट्या, साखळ्या, कप्प्या पाहून पोरे हरखली. मामा मात्र खाली बसले, काठीने एकेक वस्तू बाजूला सारत गेले आणि पट्ट्यापाशी थांबले. तो त्यांनी हातात घेतला, शिलाई ओढून पाहिली.

“हे चांगलं आणलंस, मास्तर. हे त्या साली असतं तर,” त्यांनी डाव्या पायावर हात ठेवला आणि वाक्य तिथेच सोडले. मग म्हणाले, “चिंचेची फांदी चिवट. लवकर मोडत नाही. मोडलं ते माणूस. दोर, दोन कड्या, हा पट्टा. बाकी भरून ठेव. वर हा जाणार.”

पट्टा त्यांनी नातवाच्या कमरेला आवळला आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारले, “डोक्याला काय आणलं?”

वाचकहो, इतकी वर्षे परीक्षक म्हणून मी पोरांना अडवणारे प्रश्न विचारत आलो आहे. इतका अवघड प्रश्न मला स्वतःला कुणी विचारला नव्हता. बावीसशे किलोंच्या बारा कड्या आणल्या होत्या, आणि ज्या डोक्यासाठी हे सारे, त्याला काही आणले नव्हते. मामांनी वाद घातला नाही. “मग आज नाही,” एवढेच म्हणाले. त्या दुपारी वसमतला जाऊन मी एका हार्डवेअरच्या दुकानातून हनुवटीखाली पट्टी असलेली टोपी आणली. किंमत ३५० रुपये. साऱ्या खरेदीतली सर्वांत स्वस्त वस्तू!

दुसऱ्या दिवशी काम झाले, आणि ते पाहण्यासारखे झाले. पोरगा वर गेला. कापताना दोन ठिकाणी बांधलेले असावे, म्हणजे एक दोर कापला गेला तरी दुसरा धरतो, हे मी पुस्तिकेतून वाचून दाखवले. माझ्या विद्येचा तेवढाच उपयोग. मामा खालून सांगत होते, “आधी खालून काप, थोडंच. मग जरा पुढं सरकून वरून.” खालून काप दिलेला असला की फांदी सुटताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला ठूठ मग बुंध्याजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता काढायचा, म्हणजे जखम भरून येते. हातकरवत आणि कुऱ्हाड यांवर सगळे भागले. फांदी दोराने बुंध्याभोवती वेढा देऊन हळूहळू अंगणात उतरवली. माळवदाची माती हलली नाही.

आता माझी पाळी होती. कटर चालू केले. खाली पडलेल्या फांदीचे चार ओंडके झरझर झाले. आवाज, भुसा आणि बघ्यांची गर्दी यांनी मी फुगलो. पाचव्या तुकड्याच्या वेळी पट्टीचे टोक मागे पडलेल्या ओंडक्याला वरच्या अंगाने लागले. असे लागले की साखळी लाकडात पकडली जाते आणि सगळी करवत मागे उसळते. ती माझ्या तोंडावर आली. पुढचा दांडा मनगटावर आपटला, त्याने गतिरोधक लागला आणि साखळी थांबली. कपाळापासून दोन वितींवर. साडेतीनशे रुपयांची टोपी तेव्हा पोराच्या डोक्यावर होती.

मामांनी पुढे होऊन बटण बंद केले. “मास्तर, आता बस.” काकू दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा पदर तोंडावर होता, एवढेच मला दिसले.

त्या रात्री माळवदावर पडल्यापडल्या मी हिशेब केला. जादा खरेदी हा पैशाचा दोष आहे, असे आजवर मला वाटे. पण उधळपट्टीची खंत मला वाटत नव्हती. भीती वाटत होती ती क्रमाची. हाव कापणारी वस्तू आधी घेते आणि राखणारी वस्तू पुढच्या महिन्यावर टाकते. कापणारीत रुबाब आहे. राखणारी वापरूनही काही झालेले दिसत नाही, कारण काही न होणे हेच तिचे काम. पाडव्याला फटफटी येते, तिला हार पडतो, पेढे वाटले जातात, आणि हेल्मेट दाराआड खुंटीला लटकते. गोसाव्याचे तरी काय चुकले? मांजर, गाय, बायको सगळे आले, आणि ज्या लंगोटीसाठी हा संसार, तिच्याकडे पुन्हा कुणी पाहिले नाही.

पट्टा, दोर, दोन कड्या आणि टोपी मी मामांच्या नातवाला देऊन आलो. आता तो दुसऱ्यांच्या झाडांवरही बांधून घेऊनच चढतो, असे काकू सांगतात. करवतीच्या टाकीतले तेलमिश्रित पेट्रोल शिळे होऊन बसले होते. ते काढून टाकले आणि ती अर्ध्या किमतीत विकली. पायांचे कापड आणि जाळीची टोपी घेतल्याशिवाय ती चालवू नका, असे घेणाऱ्याला बजावून सांगितले. त्यांचे पैसेही मी किमतीतून कमी केले. काटे, कप्प्या आणि दहा कड्या मात्र घरीच उरल्या.

परवा सौ.ने आकाशकंदील बाहेर काढला. तो टांगायला दरवर्षी सुतळी शोधावी लागते. यंदा तिने न बोलता एक कडी उचलली आणि खट्‌कन अडकवली. कागदाचा कंदील, वजन पाव किलोही नसेल, बावीसशे किलोंच्या कडीवर दिमाखात झुलतो आहे. खाली रस्त्याने जाणारे शेजारी वर पाहून म्हणतात, “सर, यंदा कंदील अगदी पक्का बांधलात हो!”

मी मान डोलावतो. अजून नऊ शिल्लक आहेत. कुणाला हव्या असल्यास सांगा.