हातातले आणि हाताबाहेरचे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या असंख्य बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे त्या दुपारी पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्नच कोसळले. आजही मे सरत आला की बागायतदार, पर्यटकांसाठी खोल्या चालविणारे गृहस्थ आणि गृहिणी ‘डॉक्टर, झोप लागत नाही’ म्हणत दवाखान्यात येतात. रक्तदाबही वाढलेला आढळतो.

अशा वेळी मला सायप्रसमधील झीनो आठवतो. तोही व्यापारी होता. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघालेले त्याचे गलबत फुटले आणि तो अथेन्समध्ये तत्त्वचिंतनाकडे वळला, अशी कथा आहे. पुढे इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास तो तेथील ‘स्टोआ’ नावाच्या स्तंभमंडपात शिकवू लागला. त्यावरूनच त्याच्या पंथास ‘स्टोइक’ हे नाव पडले. याच पंथातील एपिक्टेटस जन्माने गुलाम होता. काही गोष्टी आपल्या अधीन असतात, काही नसतात, हा भेद त्याने पायाभूत मानला. आजचे व्यवस्थापनतज्ज्ञही उद्योजकांना हाच भेद समजावून सांगतात.

आपणही रात्री वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढावी. उजवीकडे हाताबाहेरचे लिहावे: वादळ, सुपारीचा भाव, पर्यटकांची गर्दी. डावीकडे हातातले: विम्याचा हप्ता, छपराची डागडुजी, बागेत एकाहून अधिक पिके, अडचणीच्या दिवसांसाठी शिल्लक. डावीकडील एक काम उद्यासाठी निश्चित करून वही मिटावी. हा दैववाद नव्हे. प्रयत्न योग्य जागी लावण्याचा हिशेब आहे. सततच्या काळजीने शरीर जणू संकट दारात असल्यासारखे सज्ज राहते. नाडी जलद चालते, झोप उडते.

मात्र वही म्हणजे औषध नव्हे. दोन आठवडे झोप किंवा उमेद हरवली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी. एपिक्टेटस शरीरालाही हाताबाहेरच्या गोष्टींत गणतो. ते खरेच, पण रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे निश्चितच डाव्या बाजूचे काम आहे.