पंख्याच्या पात्यावरचं नाव

वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण घालणं थांबवा, असं मी म्हटलं की घरचीच मंडळी आधी अंगावर येतात. "मावशी, देणाऱ्याचा हात कशाला धरतेस?" धरत नाही रे बाबांनो, जरा वळवते आहे. एकाच रविवारी एका आश्रमात गुलाबजामांच्या दोन पंगती आणि बुधवारी भाजी कुठून आणायची हा प्रश्न, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलांना ओळीने उभं करून टाळ्या वाजवायला लावतात आणि फोटो काढतात, ते तर वेगळंच. त्या आश्रमाला वीजबिल असतं, स्वयंपाकीणबाईंचा पगार असतो, दहावी झालेल्या मुलाच्या पुढच्या शिक्षणाची फी असते. त्यासाठी देणगीदार मिळत नाही, कारण वीजबिलावर कुणाचं नाव रंगवता येत नाही. पंख्यावर येतं. मी शिकवत होते त्या शाळेत एका पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' होतं. पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून सर तो लावत नाहीत, असं पोरं म्हणत.

माझं म्हणणं असं, की प्रत्येक गावाला एक सामाईक दाननिधी हवा. देणारे अनेक, भांडं एक. मुद्दल सुरक्षित गुंतवायची, उत्पन्नातून गावातल्या कामांना पैसे द्यायचे आणि कुठल्या कामाला किती, हे गावातल्याच चार जबाबदार माणसांनी दरवर्षी डोळे उघडे ठेवून ठरवायचं. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात २ जानेवारी १९१४ रोजी फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने अशी पहिली संस्था काढली. पुढे तिकडे गावोगावी 'कम्युनिटी फाउंडेशन' निघाली.

गॉफला खुपत होतं ते फार ओळखीचं आहे. माणूस मृत्युपत्रात काहीतरी लिहून जातो, जग बदलतं आणि पैसा तिथेच बांधलेला राहतो. सेंट लुईस शहरात ब्रायन मलानफी याने १८५१ साली मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला, पश्चिमेकडे वसायला निघालेल्या गरीब वाटसरूंच्या मदतीसाठी. काही दशकांत रेल्वे आली, वाटसरू संपले, निधी उरला! मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसांच्या मानगुटीवर, असं ते प्रकरण. गॉफने तोड काढली ती अशी: देणाऱ्याने आपली इच्छा जरूर लिहावी, पण ती निरर्थक झाली तर नागरिकांच्या समितीला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता यावा. समितीतले काही सदस्य बँकेने नेमायचे, तर काही महापौर आणि न्यायाधीशांनी, म्हणजे सगळी सूत्रं एकाच्या हाती नकोत.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं कौतुक पुरे. बरं, आमच्या शाळेचं सांगते. 'अकरावीच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास' असा एक बक्षीसनिधी होता. मुद्दल ५०० रुपये. जुनी अकरावीची शालान्त परीक्षा गेली, १९७५ पासून दहावीची आली. बक्षीस कुणाला द्यायचं? कागदावर अकरावी, शाळेत दहावी. व्याज साठत राहिलं आणि दरवर्षी हिशेब तपासताना त्या ओळीपुढे शून्य खर्च. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, "बाई, दात्याची इच्छा मोडता येत नाही." दाते जाऊन तीस वर्षं झाली होती. कायद्यात वाट आहे म्हणा. आपल्या राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात कलम ५५ आहे, मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं तर न्यायालयाकडून जवळच्या हेतूला पैसा वळवून घेता येतो. पण ५०० रुपयांसाठी वकील कोण लावणार? गावचा सामाईक निधी असता तर चहाच्या पेल्यावर एका ठरावात काम झालं असतं.

आता सगळ्यांचा आवडता आक्षेप. "आमचा एक रुपयाही कार्यालयावर खर्च होता कामा नये." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ही माणसं म्युच्युअल फंडाला दरवर्षी खर्च मुकाट देतात, मूल जन्मलं की इस्पितळात हजारोंची बक्षिसी वाटतात. संस्थेतल्या कारकुनाचा पगार मात्र यांना लूट वाटते. ८०जीची पावती वेळेवर हवी ना? २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील संस्थेला आयकर खात्याला कळवावा लागतो. तो कोण भरणार? कुणीतरी आश्रमात जाऊन वह्या बघायला हव्यात, मुलं खरोखर किती आहेत हे मोजायला हवं. एकेका छोट्या संस्थेला हे परवडत नाही, दहा संस्थांचं मिळून एका माणसाला जमतं. सामाईक निधीचा खरा उपयोग हाच आहे.

दोष नाहीत असं नाही. अमेरिकेत या निधीत देणगीदाराच्या सल्ल्याने चालणारं वेगळं खातं उघडता येतं. पैसा भरला त्याच वर्षी करसवलत मिळते, पण त्या खात्यातून दरवर्षी अमुक टक्के वाटलेच पाहिजेत, अशी कायद्याची सक्ती नाही. खाजगी फाउंडेशनांना ५ टक्क्यांची आहे, याला नाही. म्हणजे धनिकाचं पुण्य लगेच जमा, गरिबाचं ताट नंतर. आपण नियम करताना ही पळवाट पहिल्या दिवशीच बुजवावी.

आपल्याकडे चांगली कामं आहेत, ती विसरून चालणार नाही. पुण्यात वीणा आणि दिलीप गोखले यांनी २००५ पासून पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. दाता आणि संस्था समोरासमोर येतात. 'लोकसत्ता'ने २०११ पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' सुरू केलं. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली 'मुक्तांगण' काढलं तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिलं, काम उभं राहण्याआधी दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ही ओळख करून देणारी किंवा त्या त्या माणसांच्या मोठेपणावर चालणारी कामं. गावाचं स्वतःचं कायमचं भांडं, ते कुठे आहे?

आणि परदेशातल्या भाचरांनो, तुमच्यासाठी एक कटकट. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर परदेशात राहूनही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. अमेरिकन झाला असाल तर धरतात, मग संस्थेला एफसीआरएची परवानगी लागते. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तर असा पैसा एका संस्थेने दुसरीला देण्यावरच बंदी आली, दुसरीकडे परवानगी असली तरीसुद्धा. शिवाय कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के केली. गैरव्यवहार रोखायचे होते, मान्य. पण गावचा निधी म्हणजेच एकाने गोळा करून दहांना पोचवणं. तेच बंद केल्यावर न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचा डॉलर मोठ्या शहरातल्या, चकचकीत अहवाल छापणाऱ्या संस्थेकडेच जाणार आणि आमच्या तालुक्यातल्या आश्रमाला तोच कुणाच्या तरी वाढदिवसाचा गुलाबजाम.