समुद्र उशाशी, मीठ पुण्याहून

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी रत्नागिरीच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावला, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "अरे, समुद्र उशाशी आणि तू मीठ पुण्याहून मागवतोस?"

प्रश्न रास्त होता. गच्चीवर उभं राहिलं की मांडवीचा समुद्र दिसतो, आणि मी कुरियरवाल्याकडून मिठाची बादली सही करून घेतोय. शेजारच्या काकांनी तर स्कूटरवरून दोन कॅन भरून आणून द्यायची तयारी दाखवली. तेव्हा मी नुसतंच "काका, तसं नसतं ते" असं पुटपुटलो. वर्षभर हात ओले केल्यावर आता नीट उत्तर देता येईल असं वाटतंय, म्हणून हा लेख. शिवाय तेवढ्यात माझं या छंदाबद्दलचं मतही बरंच बदललंय. ते शेवटी.

आधी मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला मोठा हिस्सा आपलं नेहमीचं मीठच, पण उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कार्बोनेट वगैरे मंडळी असतात. प्रवाळ आपला सांगाडा यातल्याच कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतं. आता मिठागरात काय होतं बघा. पाणी आटत जातं तसं आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि शेवटी उरलेलं मॅग्नेशियमचं कडू पाणी सोडून देतात. म्हणजे प्रवाळाला जे हवं असतं नेमकं तेच काढून टाकून उरतं ते आपलं खडेमीठ. आमटीसाठी उत्तम, टँकसाठी निरुपयोगी.

मग थेट समुद्राचंच पाणी का नको? चालतं की! जगात कित्येकजण वापरतात. पण रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, मिरकरवाड्याला शेकडो बोटींचं बंदर आहे, आणि पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ होतं, त्याची क्षारताही उतरते. थोडक्यात, काकांच्या कॅनमधल्या पाण्याचं स्पेसिफिकेशन दर आठवड्याला बदलणार. प्रॉडक्शन सर्व्हरवर असा इनपुट कोणी घेईल का?

तर मी मीठ विकत घेतलं, आरओचं पाणी घेतलं, घनता १.०२५ ला आणली, कोरडा दगड रचला आणि वाट बघत बसलो. या छंदात पहिले पाच-सहा आठवडे नुसती वाट बघायची असते. थोडा अमोनिया घालायचा. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ही साखळी बसेपर्यंत मासा घातला तर तो स्वतःच्याच घाणीत गुदमरून मरतो. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला रिकाम्या टँकवर लाइट लावून मी कौतुकाने दगड दाखवत होतो. बाबा म्हणायचे, "आमच्या चिरंजीवांनी पाणी पाळलंय." :)

माझा टँक दोन फुटी. दगड वजा जाता आत साधारण ५५ लिटर पाणी. नवशिक्याने लहानापासून सुरुवात करावी, हा सल्ला तुम्हालाही सगळीकडे मिळेल. माझं मत विचाराल तर हा सल्ला साफ उलटा आहे. दुकानदाराच्या सोयीचा आहे, कारण लहान टँक पटकन विकला जातो. पाण्याचा साठा म्हणजे चुकांसाठी ठेवलेला बफर. चारशे लिटरमध्ये जी चूक पचून जाते ती पन्नास लिटरमध्ये जीव घेते.

हे मला एका शनिवारी सकाळी कळलं. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालावं लागतं. आता रोज मग घेऊन कोण उभं राहणार? इंजिनिअर ना आपण! एक फ्लोट स्विच, एक छोटा पंप, वीस लिटरचा कॅन, आणि मोबाइलवर ग्राफ दाखवणारा थोडासा कोड. तीन महिने मस्त चाललं. मग एका रात्री एक गोगलगाय फिरत फिरत फ्लोटवर जाऊन बसली. फ्लोट खाली, पंप चालू. रात्रभर. सकाळी हॉलमध्ये चपला तरंगत होत्या, घनता १.०२१ च्या आसपास उतरली होती आणि दोन्ही कोळंब्या मेल्या होत्या. मासे वाचले, त्यांना एवढा बदल झेपतो. कोळंबीला अचानक झालेला बदल झेपत नाही.

पंप एका वेळी वीस सेकंदांच्या वर चालू द्यायचा नाही, ही एक ओळ कोडमध्ये असती तर त्या वाचल्या असत्या. कामावर माझ्या हातून यापेक्षा मोठे बग सुटलेत, पण आजवर कुठल्याही बगनंतर मला काही गाळणीने उचलून बाहेर टाकावं लागलं नव्हतं.

मग उन्हाळा आला. प्रवाळाच्या टँकला २५-२६ अंश तापमान लागतं. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये ३२ असतं. कोरड्या हवेच्या गावात पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. पण कोकणातल्या मे महिन्याची हवा आधीच ओथंबलेली, त्यात वाफ जाणार कुठे? म्हणजे चिलर हवा, चिलरला वीज हवी, आणि वीज जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. अशा वेळी माणसांचे हाल बघायचे की टँकमधलं पाणी खेळतं ठेवायचं?

तापमान हा काही लाड नाही. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळ त्यावर जगतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी काही आठवडे तापलेलं राहिलं की हे भाडेकरू बाहेर पडतात, प्रवाळ पांढरंफटक पडतं आणि मग उपाशी मरतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. १९९८ साली हे जगभर झालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात आपलं लक्षद्वीपही पांढरं पडलं. हॉलमधल्या टँकसाठी मी चिलरचे भाव बघत होतो तेव्हा ही बातमी सारखी आठवत होती. अरबी समुद्राला चिलर कोण लावणार?

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. टँक स्थिरावल्यावर एका दुकानदाराने आतल्या खोलीत नेऊन एक हिरवट, बोटं पसरल्यासारखा तुकडा दाखवला. निळ्या दिव्याखाली तो अक्षरशः पेटल्यासारखा दिसत होता. "इम्पोर्टेड आहे, बिनधास्त न्या," असं म्हणाला. कागद विचारले तर हसला. खोटं कशाला सांगू, हात खिशापर्यंत गेला होता.

भारतात सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत तो हिरवट तुकडा. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. समुद्रघोडेही त्याच यादीत. ही गोष्ट टँक विकणारं कोणी सांगत नाही, आणि यूट्यूबवर बघून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना ठाऊक नसते, कारण ते व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे प्रवाळाचे तुकडे टँकमध्ये वाढवून एकमेकांना देतात. "आम्ही प्रवाळ वाचवतोय" हा त्यांचा दावा काही अंशी खरा असेलही. पण इथे कागद नसलेला तुकडा कुठल्या तरी खडकावरून फोडूनच आणलेला असण्याची शक्यता जास्त. आपण तो घेतला की फोडणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळते. वाघाचं कातडं दिवाणखान्यात लावणाऱ्याला आपण नावं ठेवतो. मग हे काय वेगळं? फक्त प्रवाळ डरकाळी फोडत नाही एवढंच.

माशांचंही थोडंफार तसंच आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत वाढवलेले असतात. समुद्री मासे अजूनही बहुतेक थेट समुद्रातून धरलेले असतात. आग्नेय आशियात तर कित्येक ठिकाणी सायनाइडची पिचकारी मारून. अपवाद म्हणजे क्लाउनफिश, आपला निमो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करायचं तंत्र आपल्याकडे बसवलंय आणि हॅचरीतली जोडी मागितली तर मिळते. माझ्याकडे तीच आहे. नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षं जगते, म्हणजे माझ्या कुठल्याही नोकरीपेक्षा जास्त टिकणार.

तेव्हा माझं मत असं. खाऱ्या पाण्याचा टँक लावायचाच असेल तर मोठा लावा, कोरडा दगड घाला, हॅचरीतली जोडी सोडा आणि तिथेच थांबा. "रीफ" मात्र नको. निदान इथे नको. "पण मुलांना समुद्राची गोडी कशी लागणार?" असं कोणी म्हणेल. मुद्दा बरोबर आहे, मला स्वतःला ती लहानपणी झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयातूनच लागली. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मी दोन रात्री झोपलो नव्हतो. पण त्यासाठी प्रत्येक घरात प्रवाळ कशाला? मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे ते जिवंत बघता येतं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं अख्खं प्रवाळाचं पठार. ते बघायला आपण जाणार नाही, पण ते तिथे आहे एवढंही मला पुरतं.

आणि हेही सगळं लांब वाटत असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीची वेळ बघून खडकांवर जा. कालवं काढणाऱ्या बायका तुमच्या आधी पोचलेल्या असतील. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखातले खेकडे, आणि गालिच्यासारखे पसरलेले झोॲन्थिड दिसतील. त्यांना हात लावू नका. त्यातल्या काही जातींमध्ये अतिशय जहाल विष असतं. नुसतं उकिडवं बसा आणि दहा मिनिटं हलू नका.

परवा आईला घेऊन गेलो होतो. आयुष्य रत्नागिरीत गेलं, पण अशी खडकांत ती पहिल्यांदाच बसली. एका डबक्यात बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "यांचं पाणी कोण बदलतं रे?"

मी म्हटलं, "दिवसातून दोनदा बदलतं. आपोआप."

"बघ," ती म्हणाली, "आणि तुझी ती बादली साडेसहा हजाराची."