फादर दिब्रिटोंची मराठी

सप्टेंबर २०१९ मधली गोष्ट. उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेल्याची बातमी आली, आणि आमच्या कचेरीत चहा घेताना एकजण म्हणाला, "पाद्री आणि मराठीचा अध्यक्ष? काय दिवस आले!" सगळे हसले. मीही हसलो. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, पण दिब्रिटोंचं एकही पुस्तक तोवर वाचलेलं नव्हतं. ते हसणं आजही बोचतं.

गोव्यात आपण एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. देवळात मराठी, इगर्जीत कोकणी. भजन, आरती, नाटक मराठीत. मीस कोकणीत आणि तीही रोमी लिपीत. १९६७चा जनमत कौल, १९८७चा राजभाषा कायदा, या सगळ्या भांडणांत ही भिंत जाडच होत गेली. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली याच मातीत छापलं गेलं, हे आपण व्याख्यानात टाळ्यांपुरतं सांगतो. खाली उतरलो की वाटणी पुन्हा होती तशीच.

वसईला मात्र असं झालं नाही. तिथेही १७३९ पर्यंत पोर्तुगीजच होते. पण तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी घरात आपली बोली आणि शाळेत मराठी धरून ठेवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेत आली, ती वसईत मराठीत आली. नंदाखालला जन्मलेले आणि १९७२ साली धर्मगुरू झालेले दिब्रिटो या मराठीत वाढले. त्यांना ती मुद्दाम शिकावी लागली नाही.

२५ जुलै २०२४ला ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं : धर्मगुरू, साहित्यिक, पर्यावरण कार्यकर्ते. सर्व्हिस बुकात नोंदी कराव्यात तसं, एकाखाली एक. मला या नोंदी वेगळ्या वाटत नाहीत. पाद्रीला घराघरांत जावं लागतं. आजारपण, लग्न, मयत... आणि वाडी विकायला काढलेलं घरही त्याला आतून दिसतं. वसईत विहिरीचं पाणी टँकरने बाहेर जात होतं, केळीच्या नि पानवेलीच्या वाड्यांवर बिल्डरांची नजर होती, आणि गुंडांची दहशत अशी की माणसं दबक्या आवाजात बोलायची. अशा वेळी नुसतं 'देव भलं करील' म्हणून परतणं सोपं होतं. दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने या भानगडीत पडू नये, असं म्हणणारे त्यांच्या समाजातही होतेच. खरं सांगायचं तर माझाही कल त्याच बाजूला असायचा. आम्हा सरकारी नोकरांना वर्तणुकीचे नियम असतात, आणि त्यांच्या आडोशाला बसायची सवय लागते! वरिष्ठ काय त्यांनाही होते.

लिहिणंही त्यातूनच आलं. 'सुवार्ता' मासिक त्यांनी दोन तपं सांभाळलं. बायबल आजच्या मराठीत आणलं. त्या कामाला साहित्य अकादमीचा २०१३चा अनुवाद पुरस्कार मिळाला. येशूबद्दल लिहिताना ते तुकोबांकडे सहज जात. ही पाहुण्याची अदब नव्हती, घरातल्याच थोरल्याशी बोलणं होतं.

उस्मानाबादला ते जानेवारी २०२०मध्ये गेले. त्यांच्या निवडीला काही संघटनांचा विरोध होता, पाठीचं दुखणं होतं. चाकाच्या खुर्चीतून आले आणि बोलले. संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. हे पहिलेपण यायला ९३ संमेलनं लागली, याचं आपल्याला काही वाटायला हवं होतं.

असो. ते गेल्यानंतर त्यांचं आत्मकथन 'नाही मी एकला' मी विकत घेतलं. दुपारच्या सुट्टीत टेबलावर होतं. शेजारच्या टेबलावरची सासष्टीची बाई, आमच्यात पंधरा वर्षांची ओळख, तिने उचलून पहिलं पान वाचायला घेतलं, भरभर. मी बघतच राहिलो. शाळेत मराठी होतं, मला आवडायचं, असं ती कोकणीतून म्हणाली आणि नेऊ का म्हणून विचारलं. पंधरा वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे.