पावणेतीन बोलता येतं, मग संख्यारेषेवर का सापडत नाही?

१०५ तास ३३ मिनिटं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर सलग ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर एवढ्या वेळात टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी सुरू झालेलं काम ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपलं.

हाच वेळ सहावीतल्या मुलाला फक्त तासांत लिहायला सांगा. ‘एकशे पाच पॉइंट तेहेतीस’ हे उत्तर हमखास ऐकू येईल. ते चूक आहे. तासाची मिनिटं ६०, म्हणून ३३ मिनिटं अर्ध्या तासाच्या थोडी पुढे जातात. बरोबर उत्तर १०५ पूर्णांक ११/२०. मुलाचं उत्तर मात्र अर्ध्याच्या बरंच अलीकडे राहतं. संख्या नेमकी कुठे बसते, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

शाळेत कसं शिकवतात?

पूर्ण संख्या आणि तिच्यापुढचा अपूर्णांक मिळून होतो पूर्णांकयुक्त अपूर्णांक. उदाहरणार्थ २ पूर्णांक ३/४. वर्गात बहुतेक वेळा आधी सूत्र येतं. छेदाने पूर्णांकाला गुणा, अंश मिळवा, उत्तर ११/४. संख्यारेषा नंतर येते, तीही एका प्रश्नापुरती. मार्क मिळतात, पण ११/४ ही संख्या तीनच्या अलीकडे की पलीकडे, असं विचारलं की मूल अडखळतं.

हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी जागा, मग सूत्र.

मराठीत उत्तर आधीच आहे

सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द मूल बाजारात, शेतात, घड्याळात रोज ऐकतं. त्यातला ‘पावणेतीन’ तर थेट पत्ताच सांगतो: तीनपर्यंत जा, पाव मागे या. ‘सव्वातीन’ म्हणजे तीनवरून पाव पुढे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे पूर्वी धावणाऱ्या ‘शकुंतला’च्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट होतं. हा आकडा दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये बसतो.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ती घोकंपट्टी परत आणण्याची गरज नाही, पण हे शब्द वर्गाबाहेर ठेवणं परवडणारं नाही. सेमी इंग्रजीतलं मूल ‘टू अँड थ्री बाय फोर’ वाचतं आणि घरी ‘पावणेतीन’ म्हणतं. दोन्ही एकच आहेत हे सांगायला शिक्षकांना एक मिनिट लागतं.

मुलं नेमकी कुठे चुकतात?

पहिली चूक: मुलं रेघा मोजतात, भाग मोजत नाहीत. चार समान भागांसाठी मध्ये तीनच रेघा लागतात. मूल चार रेघा मारतं आणि भाग पाच होतात.

दुसरी चूक: २ पूर्णांक ३/४ मधला ३/४ दोनच्या पुढे मोजायचा असतो. मूल तो शून्यापासून मोजतं.

तिसरी चूक दशांश चिन्हाची. दोन एकर तीस गुंठे शेत म्हणजे २.३० एकर नव्हे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हे शेत पावणेतीन एकर.

मग करायचं काय?

महामार्गाकडे पाहा. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटा दगड लावण्याची पद्धत आहे. छोटे दगड चार, भाग पाच. बाराव्या किलोमीटरपासून पुढे तिसरा छोटा दगड म्हणजे १२ पूर्णांक ३/५. फळ्यावरची संख्यारेषा याहून वेगळी नसते.

वर्गात एक दोरी पुरते. शून्य ते चारच्या गाठी मारा आणि मुलांना आधी अंदाजाने पावणेतीनवर बोट ठेवू द्या. मग दोन आणि तीनमधला तुकडा दोनदा दुमडून चार भाग करा. शेवटी शून्यापासून पाव-पाव मोजत या. अकरा पाव भरतात. ११/४ हे सूत्र मुलाने स्वतः शोधलेलं असतं.

याला मर्यादाही आहेत. तृतीयांश, पंचमांश यांना रोजच्या बोलण्यात सुटसुटीत शब्द नाहीत. तिथे दोरी आणि दगडच कामाचे. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला ‘पावणे’ हा शब्दही नवा असू शकतो. त्याच्यासाठी सुरुवात शब्दापासून नको, दोरीपासून हवी.

एवढा आग्रह कशासाठी?

‘अभ्यासक्रम संपवायचा कधी?’ हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. पण इथे वाचवलेला तास पुढे महाग पडतो. रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांच्या माहितीचा अभ्यास केला. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती कळतो, यावरून पुढे हायस्कूलमध्ये बीजगणित कसं जमेल याचा अंदाज येतो, असं त्यात दिसलं. घरचं उत्पन्न आणि बुद्ध्यांक लक्षात घेऊनही हा संबंध टिकला. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१० च्या मार्गदर्शिकेनेही अपूर्णांक शिकवताना संख्यारेषेला मध्यवर्ती स्थान दिलं आहे.

पालकांनाही हे घरी तपासता येईल. एका लेनचा तो ७५ किलोमीटरचा थर म्हणजे दोन लेनचा किती किलोमीटर रस्ता, हे आज जेवताना मुलाला विचारा. ‘साडेसदतीस’ हे उत्तर आलं, की कागदावर एक रेघ ओढून फक्त ३७ आणि ३८ लिहा आणि पेन त्याच्या हातात द्या.