पचमढीला कोण जाणार?
भारत स्काऊट्स आणि गाईड्सची राष्ट्रीय साहस संस्था मध्य प्रदेशात, सातपुड्यातल्या पचमढीला आहे. गिर्यारोहणासारख्या उपक्रमांसाठी तिथे देशभरातून मुले येतात, त्यामुळे जागा कमीच पडतात. इचलकरंजीहून निघायचे तर हातकणंगलेला रेल्वे धरायची, गाड्या बदलत पिपरिया गाठायचे आणि पुढे सुमारे 50 किलोमीटर घाटरस्ता. फीपेक्षा हा प्रवास, बूट आणि पाठपिशवीच महाग पडते. त्यात इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. पाळीला खाडा पडला की पैसे बुडाले. अशा घरातून शिबिराची रक्कम एक-दोन दिवसांत भरली जात नाही, आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हटले की जागा हाती रोकड असलेल्यांकडेच जातात. हा नियम दिसायला सरळ, पण मुळात अन्यायाचा आहे. अमेरिकेतील फिलमाँट या स्काऊट केंद्रात मागणी जास्त असताना पदभ्रमंतीच्या जागा सोडतीने दिल्या गेल्या आहेत. सोडतीने घाई टळते, खर्च मात्र टळत नाही. म्हणून आधी न गेलेल्यांची नावे वर घेणे, रक्कम हप्त्याने स्वीकारणे आणि शाळेने पाठपिशव्या, रेनकोट सामायिक ठेवणे, ही कामे सोडतीच्या आधीची. जिल्ह्यातच दरवर्षी पावसाळ्यात निघणारी पन्हाळा ते पावनखिंड मोहीमही कसाची आहे. 1660 साली शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले, तिथला चिखल आणि चढ तुडवायला रेल्वेचे तिकीट लागत नाही. निवडीचे हेच नियम तिथे आधी लावून पाहता येतील.