त्सुकुबाचं अर्धंच सांगू नका



परवा गावच्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "जपानचं त्सुकुबा बघा. शेतकऱ्यांनी मुकाट जमीन दिली, म्हणून विज्ञाननगरी उभी राहिली."

साहेब, अर्धंच सांगताय.

टोकियोपासून साठेक किलोमीटरवर भातशेतीची आणि पाइनच्या रानाची ती गावं. १९६३ ला सरकारनं जागा ठरवली. पहिला आराखडा सुमारे ४००० हेक्टरचा. शेतकरी आडवे झाले. मग तो २७०० हेक्टरवर आला, आणि शक्यतो वस्त्या अन् भातखाचरं वगळून रानाची जागा धरली. म्हणून ती पट्टी अशी लांबुळकी, १८ किलोमीटर लांब अन् ६ रुंद. शेतकऱ्याचं 'नाही' अजून त्या नकाशात दिसतंय.

२००५ ला रेल्वे आली. टोकियोचं अकिहाबारा ४५ मिनिटांवर. तिच्यासाठी १९८९ लाच कायदा केला होता, रूळ आणि वसाहत एकत्र आखायची. मालकानं जमिनीचा काही हिस्सा रस्त्या-बागांसाठी सोडायचा, बाकीची जागा आखीव प्लॉट होऊन त्याच्याच नावावर. भाव वाढला तर त्याचाही वाढला.

तिथंही सगळं गोड नाही. देशाच्या शेती संशोधनाचं मुख्यालय त्याच गावात, बियाण्यांची बँकपण तिथंच, तरी जपानात बांधावर म्हातारीच माणसं जास्त दिसतात. प्रयोगशाळा आली म्हणून पोरगं शेतात राहत नसतं.

तेव्हा उद्या मोजणीवाले आले, तर दर विचारायच्या आधी नकाशा मागा. खाचरं वगळता येतात. जपाननं वगळली.